वडिलांच्या फोनवर आलेला ओटीपी

अक्षर न् अक्षर बरोबर असलेली सूचना एका मुलीचं शिक्षण थांबवू शकते, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मला नव्हतं. आणि ती सूचना मीच लिहिलेली होती.

मी पत्रकांत वाढले. बाबा रेल्वेत कारकून, युनियनचे. रविवारी या हिंदी बोलणाऱ्या शहरातल्या चौबे कॉलनीत, आमच्या दोन खोल्यांत जमिनीवर पत्रकांचे गठ्ठे पडलेले असत आणि आई नि मी घड्या घालत बसायचो. बाबांचा नियम एकच होता. "थांबून वाचणारा आधीपासून आपलाच असते," ते म्हणत. "तू चालणाऱ्यासाठी लिही." त्यामुळे लहान वाक्यं लिहायची मला लहानपणापासून सवय आहे, आणि त्या सवयीचा मला गर्व होता.

आमच्या विद्यापीठात काही मुलांना निकालाची खोटी लिंक आली. त्यांनी पासवर्ड टाकले आणि त्यांच्या खात्यांवरून प्राध्यापकांना भलतेसलते मेल गेले. मग कॉम्प्युटर सेंटरने नवं लॉगिन आणलं. नुसत्या पासवर्डवर आता भागणार नव्हतं. दर वेळी नोंदवलेल्या मोबाईलवर सहा आकडे येणार, ते दहा मिनिटांत टाकले तर खातं उघडणार, आणि तीन वेळा जमलं नाही तर चोवीस तास बंद. याच्या जोडीला एक सूचनापत्रक हवं होतं. ते मला लिहायला सांगितलं, कारण फीवाढीविरुद्धचं माझं पत्रक त्यांच्याच भिंतीवर होतं आणि निघता निघत नव्हतं.

मी जीव ओतून लिहिलं. एका बाजूला हिंदी, मागच्या बाजूला मराठी. मराठी कुणी मागितली नव्हती, पण आपल्या मराठी मंडळातल्या घरांतही ते जावं असं मला वाटलं. फोन अपडेट मागत असेल तर 'नंतर' दाबत बसू नका. सायबर कॅफेत खातं उघडं ठेवून उठू नका. जन्मतारखेचा पासवर्ड करू नका. आणि शेवटी जाड अक्षरांत: ओटीपी कुणालाही सांगू नका. मागणारा घरचा असला तरी. आवाज ओळखीचा असला तरी.

मशीनवर कुणाचाही आवाज बनवून लोकांना फसवतात, हे तेव्हा जो तो बोलत होता. सेंटरचे सर म्हणाले, "ये लाइन सबसे अच्छी है." मला तेच ऐकायचं होतं.

आता त्या मुलीबद्दल, माझ्या मैत्रिणीबद्दल. आम्ही दोघी तीन वर्षं एका बाकावर बसून बी.एस्सी. झालो. ती पुरानी बस्तीतली, मराठा राज्याच्या काळापासून इथे असलेल्या घरातली. घरात सगळे मराठी बोलतात, ती हिंदीत उत्तर देते. वडिलांचं पंडरीच्या बाजारात ठोक कापडाचं दुकान. भौतिकशास्त्रात ती माझ्यापेक्षा कितीतरी पुढे होती. मी सूत्र पाठ करायची, ती ते मुळापासून काढून मला दाखवायची की पाठ करायची गरजच नव्हती. एम.एस्सी.च्या यादीत तिचं नाव दुसरं होतं, माझं बरंच खाली, पण दोघींना जागा मिळाली. गुरुवारी संध्याकाळी यादी लागली. शुक्रवारी पाचच्या आत पोर्टलवर जाऊन 'जागा स्वीकारली' हे एक बटण दाबायचं होतं. नाही दाबलं तर जागा पुढच्याला.

शुक्रवारी दीड वाजता आम्ही लॅबमध्ये बसलो. आधी माझं केलं. मी बाबांना ऑफिसात फोन लावला. ते डबा खात होते. "लिही," म्हणाले आणि चावता चावता सहा आकडे सांगून टाकले. मी बटण दाबलं. अर्ध्या मिनिटाचं काम.

मग तिने तिचा पासवर्ड टाकला आणि वडिलांना फोन लावला. स्पीकर चालू होता.

"पापा, एक ओटीपी आया होगा. बता दो ना."

"कोन बोलून राहिलं?"

"मैं, पापा. और कौन?"

"आवाज तर आजकाल कोणाचाबी काढते लोक."

ती हसली. "मजाक मत करो ना, टाइम जा रहा है."

"मजाक नाही करून राहिलो. कागदावर लिहिलेलं आहे. दुकानात ये, मंग पाहू." फोन बंद.

दहा मिनिटं संपली. तिने पुन्हा ओटीपी मागवला, पुन्हा फोन लावला. रिंग वाजत राहिली. चार वेळा, पाच वेळा. दुसरी संधीही गेली. एक उरली. ती अजून हसतच होती, पण आता पर्स शोधताना तिचे हात टेबलावर उगाच फिरत होते, आणि पर्स तिच्या खांद्यालाच होती.

स्कूटीवरून आम्ही पंडरीला पोचलो तेव्हा पावणेतीन झाले होते. काका, तिचे वडील, दुकानातल्या गादीवर बसले होते. समोर बाहेरगावची दोन गिऱ्हाइकं, साड्यांचा ढीग. गल्ल्याच्या वर, देवाच्या फोटोखाली माझं पत्रक लावलेलं. लॅमिनेट केलेलं. मराठी बाजू पुढे.

"ये बाई, बस. चहा सांगू?"

"काका, चहा नको. पाचच्या आत तिले एक बटण दाबाचं आहे. तुमच्या फोनवर नंबर येईन, तेवढा सांगा."

"हव, येते ना. पण सांगाचा कसा?" त्यांनी वर बोट दाखवलं. "हे तूच लिहिलं ना? साऱ्या मार्केटले दाखवलं मी. म्हटलं, आपल्या मराठी पोट्टीनं लिहिलं आहे, वाचा."

"ते चोरांसाठी लिहिलं, काका."

"चोरांसाठी असतं तर चोर लिहिलं असतं. तू तर घरचा लिहिलं." गिऱ्हाइकं हसली. काकाही हसले. रागाचा एक शब्द नव्हता. मला अजून कळत नाही की त्या वेळी ते खरंच घाबरत होते की त्यांना एक चांगलं कारण सापडलं होतं. कदाचित त्यांनाही कळत नसेल.

"पण ती समोर उभी आहे! आवाज नाही, फोन नाही, ती सोता उभी आहे."

"दिसून राहिली ना मले." त्यांनी एक साडी उलगडून परत घडी केली. "आन मी कुठं नाही म्हटलं? विचार तिले. शिकू नको म्हटलं काय कधी?"

ती खाली बघत म्हणाली, "हाँ भी तो नहीं बोला, पापा."

आता कुणी हसलं नाही. काकांनी गिऱ्हाइकांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि आवाज उतरवून म्हणाले, "पुढच्या महिन्यात तुले पाहाले नागपूरचे लोक येऊन राहिले. तवा तू वर्गात बसशीन का पाहुण्यात?"

 तिने फोन काढला, पासवर्ड टाकला, तिसऱ्यांदा ओटीपी मागवला. गादीवर पडलेला काकांचा फोन थरथरला. स्क्रीन उजळली. मी उभी होते तिथून मला हिरवा चौकोन दिसला, आकडे दिसले नाहीत. काकांनी नमुन्याच्या कापडाचा तुकडा उचलला आणि फोनवर ठेवला. फेकला नाही, हळूच ठेवला, आणि त्यावर हात ठेवून बसले.

मग मी बोलले. माझ्याजवळ जे होतं ते सगळं बोलले. ती एकवीस वर्षांची आहे, हे तिचं खातं आहे, हा तिचा हक्क आहे, तुम्ही टपाल अडवून बसला आहात. आवाज एवढा चढला की समोरच्या दुकानातले लोक बाहेर आले. गिऱ्हाइकं साड्या टाकून उठून गेली. काकांचा हात कापडावरून हलला नाही. माझ्या प्रत्येक वाक्यासोबत त्यांचं मन बदलण्याची शक्यता कमी होत चालली होती आणि मला ते दिसत होतं, तरी मला थांबता येत नव्हतं. शेवटी तीच म्हणाली, "चुप हो जा ना. प्लीज."

तिच्या फोनवर लाल अक्षरं आली. खातं बंद.

नंतर मी तिला विचारलं, फोन ओढून का नाही घेतलास? ती म्हणाली, "उनका हाथ था उस पर. पापा का हाथ हटाऊँ मैं?"

पावणेचारला आम्ही परत कॉम्प्युटर सेंटरवर. खिडकीतल्या ऑपरेटरने तिचं ओळखपत्र पाहिलं, स्क्रीन पाहिली.

"लॉक खुल जाएगा, पर पहले नंबर बदलना पड़ेगा, दीदी."

"तो बदल दो भैया. ये मेरा नंबर है, ये मेरा आईडी, ये मैं."

"पुराने नंबर पर ओटीपी जाएगा. या फिर जिनका नंबर है उनके साइन लगेंगे."

"मैं बालिग हूँ, इक्कीस साल की."

"सिस्टम में पालक का नंबर है ना. मैं क्या करूँ?"

तो बिचारा खरंच काही करू शकत नव्हता. सर मीटिंगमध्ये होते. मी मीटिंगच्या दारावर थाप मारली. सर बाहेर आले, ऐकून घेतलं, म्हणाले की अपवाद केला तर उद्या कुणीही कुणाचंही ओळखपत्र घेऊन येईल. त्यांचंही बरोबर होतं. त्या दिवशी मला भेटलेला प्रत्येक माणूस बरोबर होता, मीसुद्धा, आणि ती खिडकीशी उभी होती, हातात ओळखपत्र, त्यावर तिचाच फोटो.

पाच वाजले ते आम्हाला ऑपरेटरच्या चेहऱ्यावरून कळलं. त्याने स्क्रीन आमच्याकडे वळवली नाही. ती पायरीवर बसली. रडली नाही. म्हणाली, "घर चलते हैं, स्कूटी में पेट्रोल कम है."

ती जागा यादीतल्या पुढच्या मुलाला मिळाली. तो माझ्या मागच्या बाकावर बसतो. हुशार आहे, त्याचा काही दोष नाही. ती दुपारी दुकानात बिलं करते. नागपूरचे लोक येऊन गेले, अजून काही ठरलेलं नाही. पहिल्या आठवड्यात मी तिला वर्गात काय शिकवलं ते सांगायला गेले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ये तो मुझे आता है." त्यानंतर मी सांगणं बंद केलं. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो. नंबर तोच आहे.

मी वर्गातल्या मुलींना विचारायला लागले, तुमच्या खात्यावर कुणाचा नंबर आहे? पापा का. भैया का. एकीने सांगितलं, जीजाजी का. कारण साधं आहे. आम्ही सतराव्या वर्षी पहिला फॉर्म भरला तेव्हा आमच्याजवळ फोन नव्हता, किंवा होता पण घरचे म्हणाले, मुलीचा नंबर कशाला द्यायचा. तोवर तो नंबर नुसता कागदावर होता. नव्या लॉगिनने त्याचं कुलूप केलं आणि किल्ली त्यांच्या खिशात दिली. माझ्या पत्रकात यावर एक ओळही नव्हती. पासवर्डबद्दल होतं, लिंकबद्दल होतं, अपडेटबद्दल होतं.

माझ्या स्वतःच्या खात्यावर बाबांचा नंबर होता. ते लगेच सांगत, म्हणून तीन महिने मला जाणवलंच नाही की मी दर वेळी मागते आहे. मी हे घरी बोलले तेव्हा बाबा चिडले.

"मी देतो ना तुले? कधी अडवलं?"

"नाही अडवलं, बाबा."

"मंग?"

"अडवू शकत होतात."

सारा जन्म दुसऱ्यांच्या हक्कांसाठी पत्रकं काढलेला माणूस उठून चष्मा शोधायला लागला. 

कॉम्प्युटर सेंटरला मी चार अर्ज दिले आहेत: मुलगी ओळखपत्र घेऊन स्वतः आली तर तिचा नंबर बदलून द्या. प्रक्रियेनुसार विचार करू, असं एकदा उत्तर आलं. माझ्याजवळ दुसरं काही उरलेलं नाही. रागही पूर्वीसारखा येत नाही, नुसते पुढच्या यादीपर्यंतचे दिवस मोजते. म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे.

तुमच्या घरात मुलगी असेल, बहीण असेल, सून शिकत असेल, तर यादी लागायची वाट पाहू नका. हे काम घाई नसतानाच होतं. आज तिला शेजारी बसवा. तिचं खातं तिला तिच्या हाताने उघडू द्या आणि मोबाईलच्या रकान्यात तिचा नंबर लिहू द्या. बदल करण्याआधी जुन्या नंबरवर, म्हणजे तुमच्या फोनवर, एक शेवटचा ओटीपी येईल. तो वाचून दाखवू नका. फोन तिच्या हातात द्या.