मशीनखालची जागा

मदतीच्या उत्साहात मी मावशीच्या स्वयंपाकघरात ताटांची अख्खी चळत पाडली. तिचा वर्षभराचा कुत्रा जो पलंगाखाली शिरला, तो त्या दिवसापासून मिक्सरला, कुकरच्या शिट्टीला, अगदी शिलाई मशीनलाही घाबरू लागला. एरवी तो त्या मशीनखालीच झोपायचा.

मावशीचं घर शिवणकामावर चालतं. तरी तिने मोटर बंद ठेवली. हाताने चाक फिरवत ती सावकाश टाके घालायची आणि "काही नाही रे राजा," म्हणत बिस्किटाचा तुकडा पुढे करायची. गिऱ्हाइकं कुरकुरली, पण ही ढिम्म.

काल गेलो तर मोटर घरघरत होती आणि स्वारी खाली घोरत होती. मला पाहताच मात्र पलंगाखाली पसार.

"मावशी, मशीनची भीती गेली, मग मलाच का घाबरतो?"

"अक्कल आली त्याला."