दोन्ही हात जोडून राम राम

अठ्ठावन्नाव्या वर्षी सूर्यभान अण्णांनी गिअरची सायकल घेतली आणि कर्जतजवळच्या टेकडीवरून ती खाली पिटाळू लागले. "आज पडलात, तर सायकल भंगारात घालीन," असं बजावून बायको, लंकाबाई, पायथ्याशी पहाऱ्याला बसल्या.

अण्णांनी दगड, चर, बाभळी सगळं झोकात चुकवलं. शेवटच्या वळणावर नेमके लेकीचे सासरे भेटले. त्यांनी हाक दिली,

"राम राम, पाव्हनं!"

व्याह्यांना एका हातानं नमस्कार कसा करायचा? अण्णांनी दोन्ही हात जोडले. सायकल निवडुंगात गेली, अण्णा थेट व्याह्यांच्या पायाशी.

काटे उपटता उपटता लंकाबाई हळूच म्हणाल्या, "तसंच पुढं गेला असता, तर पोरीला जल्मभर ऐकावं लागलं असतं. ह्ये पडनं मी धरत न्हाई. पर उद्यापासनं टेकडीच्या पल्याडच्या अंगानं उतरा."