कोन र्‍हायला?

कात्रपला जिथे सासऱ्यांचं भाताचं शेत होतं, तिथे आता आमची बिल्डिंग उभी आहे. जमिनीच्या बदल्यात तीन फ्लॅट मिळाले. तळाला सासरे, पहिल्या मजल्यावर आम्ही, चौथ्यावर मोठी जाऊ. दारं दिवसभर सताड उघडी. पोरं कुठेही जेवतात, कुठेही झोपतात. मी घाटावरची, मला हे मुळीच पटायचं नाही. त्यात सासऱ्यांची एक सवय. दिवेलागणीला जिन्यात उभं राहून ओरडायचं, "कोन र्‍हायला?" शेतावरून घरी आल्यावर, दार लावायच्या आधी कुणी बाहेर राहिलं का ते असंच विचारायचे म्हणे. मग प्रत्येक घरातून उत्तर द्यायचं, "आम्ही घरात!" बाकीच्या फ्लॅटमधले भाडेकरू हसायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्या शुक्रवारी दुपारी लाइट गेली. शुक्रवारी जातेच. थोड्या वेळाने जाऊ जिन्याने वाटी परत द्यायला आली आणि म्हणाली, "झोपली का गं ती?"

माझी चार वर्षांची लेक. मी म्हटलं, "तुमच्याकडेच आहे ना?"

तिच्या हातातली वाटी पडली. आम्ही गच्ची बघितली, पार्किंग बघितलं, पाण्याच्या टाकीचं झाकण उचलून आत बघितलं. देवा, त्या टाकीत बघताना काय काय मनात आलं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मग लिफ्टमधून धपधप ऐकू आलं. काकूकडे निघालेली पोर दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये अडकली होती. आत मिट्ट काळोख. लिफ्टवाला फोनवर म्हणाला, "अंबरनाथला आहे ताई, निघतोच. दार ओढू नका." निघतोच म्हणे! मी लोखंडी दारावर हात आपटत राहिले. धीर द्यायला तोंड उघडलं की रडूच फुटायचं, आणि माझं रडणं ऐकून ती आत आणखी किंचाळायची. आई असून मला एक शब्द बोलता येईना.

जावेने मला दंड धरून बाजूला बसवलं. "तू गप बस जरा." तेवढ्यात सासरे धापा टाकत वर आले. दाराला तोंड लावून नेहमीच्याच आवाजात ओरडले, "कोन र्‍हायला?"

जाऊ म्हणाली, "आम्ही घरात!" खालून भाडेकरीण ओरडली, "आम्ही घरात!" आतलं रडणं थांबलं. मग बारीक आवाज आला, "आजा, मी र्‍हायले."

"मंग थांब गो बाय. तुला घेतल्याबिगर दार नाय लावाचा."

लिफ्टवाला येईपर्यंत ते तेवढंच विचारत राहिले आणि ती उत्तर देत राहिली. मी पायरीवर पदराचा बोळा तोंडात कोंबून बसले होते. दार उघडलं तेव्हा घामाने निथळलेली पोर जावेच्या गळ्यात पडली. वाईट वाटलं? वाटलं की. पण जावेने लगेच तिला माझ्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून रडली.

संध्याकाळी जिन्यातून हाक आलीच नाही. खाली जाऊन बघते तर सासरे खाटेवर बसलेले, चहा तसाच. लेकीला कडेवर घेऊन मी जिन्यात आले आणि ओरडले, "कोन र्‍हायला?"

वरून जावेचं उत्तर आलं. तरी मी श्वास रोखून उभी होते, लेकीचा आवाज यायची वाट बघत. ती माझ्या कडेवरच होती.