आम्ही की आपण?

दोन्ही हात हवेत धरायचे, नसलेलं स्टिअरिंग गर्रकन डावीकडे फिरवायचं आणि म्हणायचं, "इथं गाडी वळली बरं का!" मिशिगनमधल्या आमच्या नोव्हाय गावातल्या वळणकाकांची ही सवय. डेट्रॉइटच्या एका मोटार कंपनीत ते स्टिअरिंगच्या डिझाइनचं काम करत, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट त्यांना वळणातच दिसे. कुणाचं लग्न ठरलं, गाडी वळली. कुणाची पोळी पहिल्यांदा गोल झाली, तरी वळलीच. हे नाव मुलांनी पाडलं आणि आम्ही मोठ्यांनी उचललं. त्यांचं खरं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं असतं तर ते खूश झाले असते, आणि ते खूश झाले की त्यांना आवरणं कठीण असे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रविवारी सकाळी त्यांच्या बेसमेंटमध्ये मुलांचा मराठीचा वर्ग भरायचा. मराठी यावं म्हणून थोडं आणि पोरांना जरा वळण लागावं म्हणून जास्त, असं करत आम्ही आया मुलांना तिथं सोडायचो. वळणं त्यांनी भरपूर दिली, फक्त ती अमेरिकेच्या इतिहासाची निघाली. झालं असं की काकांच्या बाराखडीला एकही पोर भीक घालत नव्हतं. शाळेत मात्र सगळ्यांना इतिहासाचा होमवर्क असे. मग काकांनी शक्कल काढली. तोच इतिहास मराठीत सांगायचा. मी आणि आणखी एकदोघी आया जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत असू. घरी जाऊन भांडीच घासायची होती.

आता तुम्हीच सांगा, असा इतिहास तुम्हाला कुणी शिकवला होता का? पहिले गोरे लोक जहाजातून उतरले, थंडीनं गारठले, खायला दाणा नाही. इथल्या मूळच्या लोकांनी त्यांना मका पेरायला शिकवलं. "पाहुणे आले, जेवले, आणि घरच बळकावून बसले," काका म्हणत. "आपल्याकडे भाडेकरू बसतात ना, तसे." मुलांना भाडेकरू कळत नसे. जिन्यावरच्या आम्हा बायकांना मात्र चांगलाच कळे.

बॉस्टनच्या चहाचं त्यांना खरोखर दुःख होतं. "कर बसवला म्हणून पेट्याच्या पेट्या समुद्रात? अरे, रागवा की! पण चहावर?" आणि मग मान वर करून, "अहो, ऐकलं का?" वरच्या स्वयंपाकघरातून काकूंचा चहा खाली येईपर्यंत बॉस्टनचं बंदर काही पुढे सरकत नसे.

उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या लढाईला ते भाऊबंदकी म्हणत. पण ती कशावरून पेटली हे सांगताना त्यांची थट्टा बंद व्हायची. "माणसं विकत होते रे," एवढंच म्हणायचे आणि चष्मा पुसत बसायचे. तिथंही ते हात उचलत, पण स्टिअरिंग हळू फिरायचं, दात-ओठ खात. "पॉवर स्टिअरिंग नव्हतं तेव्हा. फार जोर लागला," ते सांगत. "आणि पूर्ण वळलेली नाहीच अजून. डेट्रॉइटला माझ्या शेजारच्या टेबलाशी तो काळा इंजिनिअर बसतो ना, त्याला विचारा."

शेवटचं वळण साठच्या दशकातल्या कायद्याचं, ज्याच्यामुळे आपल्याकडची माणसं इथं येऊन राहू शकली. "इथं गाडी वळली," काका म्हणायचे, "आणि मागच्या सीटवर आम्ही बसलो."

माझ्या कानाला एक गोष्ट हळूहळू खटकायला लागली होती. सगळ्या इतिहासात 'त्यांनी' असायचं. त्यांनी चहा बुडवला, त्यांनी इंग्रजांना हाकललं, त्यांनी चंद्रावर माणूस पाठवला. 'आम्ही' यायचं ते एकदाच, त्या मागच्या सीटवर.

आणि नेमकं हेच माझ्या रेवाला जमत नव्हतं. इथंच जन्मलेली पोर, 'आम्ही' आणि 'आपण' यांत हमखास गोंधळ करायची. इंग्रजीत दोघांना मिळून एकच 'वुई', तिचा तरी काय दोष? काकांनी तिला एकदा छान समजावलं होतं. "हे बघ, 'आम्ही जेवायला बसतोय' म्हणजे तू नुसती बघत राहा. आणि 'आपण जेवायला बसू या' म्हणजे ताट घे आणि ये." रेवाला ते पटलं. लगेच तिनं विचारलं, "म्हणजे आज ताट घेऊ?" काकूंनी त्या दिवशी तिला जेवूनच पाठवलं.

पुढच्या रविवारी स्वातंत्र्ययुद्धाचा धडा होता. रेवा हात वर करून मोठ्यांदा म्हणाली, "आणि मग आपण ब्रिटिशांना हरवलं!"

"आपण नाही ग बाळ," काका सवयीनं म्हणाले. "त्यांनी."

"बट काका, आय वॉज बॉर्न हिअर. मग मी 'त्यांनी' आहे का?"

ज्या माणसाकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर असायचं, तो माणूस कान खाजवायला लागला. मग म्हणाला, "चला, पोहे झालेत बहुतेक." पोहे व्हायला अजून बराच वेळ होता, हे मला वासावरून कळत होतं.

आमच्या भागातल्या अर्ध्या मराठी लोकांची सिटिझनशिपच्या मुलाखतीची तयारी काकांनीच करून घेतली होती. माझीही. इतिहासाचे प्रश्न ते असे घोटून घ्यायचे की झोपेत विचारलं तरी उत्तर यावं. स्वतः मात्र अर्ज करत नव्हते. माझा नवरा एकदा म्हणालाच, "यार काका, सगळ्यांना पास करवता, तुम्ही का नाही अप्लाय करत?"

"परीक्षेला कोण भितो हो? नंतर शपथ असते, जुन्या देशाशी नातं सोडल्याची. ती माझ्या तोंडातून निघायला हवी ना."

मग मिरजेला त्यांचे वडील गेले. आई एकटी राहिली, आणि तिला डोळ्यांनी नीट दिसेनासं झालं होतं. काका एकुलते एक. आईला कायमचं इकडं आणायचं तर त्यांना सिटिझन होणं भाग होतं. आता काही पर्याय नाही असं आम्हाला वाटलं. पण एका संध्याकाळी रेवाला सोडायला आले ते माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभेच राहिले.

"वहिनी, आईला फोन केला होता. सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, मी इथला नागरिक झालो की तुला आणता येईल. काय म्हणाली माहितीये?"

"काय?"

"म्हणाली, 'तू त्यांचा झालास, तर मी यायचं कुणाकडे?'"

मी गॅस बंद केला.  एवढी मोठी अमेरिका शिकवणारा माणूस, आणि मिरजेच्या एका म्हातारीनं त्याला एका वाक्यात निरुत्तर केलं होतं. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

तरीही त्यांनी अर्ज केला. आई आली नाही तरी दार उघडं असावं, म्हणाले. मुलाखतीच्या दिवशी काकूंनी हातावर दही दिलं आणि आम्ही सगळे निर्धास्त राहिलो. काका नापास होणं म्हणजे आचाऱ्याला पाणी तापवता न येणं. पुढे काय झालं ते त्यांनीच रविवारी बेसमेंटमध्ये, मुलांसमोर आणि आम्हा सगळ्यांसमोर सांगितलं.

मुलाखत घ्यायला एक वयस्क गोऱ्या बाई होत्या. चेहऱ्यानं प्रेमळ. त्यांनी एकदोन प्रश्न विचारले, काकांनी टकाटक उत्तरं दिली. मग त्यांनी विचारलं, "व्हेन डिड वुई बिकम इंडिपेंडंट?"

आणि काका ताठ बसून म्हणाले, "फिफ्टीन्थ ऑगस्ट!"

बेसमेंटमध्ये हसण्याचा असा कल्लोळ झाला की काकू धावत खाली आल्या. काकाही हसत होते. "अरे, 'वुई' म्हटलं ना तिनं! वुई म्हणजे आम्ही. आम्ही कधी झालो? पंधरा ऑगस्टला. तोंडातून निघूनच गेलं."

बाईंनी पेन खाली ठेवलं होतं. काकांना चूक कळली. सारवासारव करायची म्हणून ते इंग्रजीत सांगायला लागले, की मॅडम, माझ्या भाषेत 'वुई'ला दोन शब्द आहेत, तुम्ही कुठला विचारताय ते मला कळलं नाही.

"फरक काय?" बाईंनी विचारलं.

मग काकांनी तिथं, त्या सरकारी कचेरीत, रेवाला दिलेला धडा दिला. पहिला 'वुई' जेवायला बसला की समोरच्यानं नुसतं बघायचं. दुसरा बसला की समोरच्यानंही ताट घ्यायचं.

इथं काका थांबले. 

"बाईंनी जरा विचार केला रे. मग म्हणाल्या, 'देन आय मेंट द सेकंड वन.' मी दुसरा विचारतेय."

काकांनी चष्मा काढून पुसला. "मग मी म्हटलं, फोर्थ ऑफ जुलै."

त्या दिवशी त्यांनी हात हवेत उचलले नाहीत, गाडी वळल्याचं बोलले नाहीत. कुणीतरी आठवण करून द्यावी असंही आम्हाला वाटलं नाही. रेवा फक्त पुढे झाली आणि त्यांच्या बाजूला जाऊन बसली.

हीच हकीकत त्यांनी मिरजेला फोनवर सांगितली. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या बाई 'आपण' म्हणाल्या?"

"त्यांना मराठी कुठलं येतंय, आई? पण अर्थ तोच."

"बऱ्या घरच्या दिसतात," आई म्हणाली. "मग येते मी."

काकांनी शपथ घेतली, कागद पुढे सरकत राहिले आणि यथावकाश आई आल्या. त्यांना आणायला आम्ही तीन गाड्या भरून एअरपोर्टवर गेलो होतो. चाकांच्या खुर्चीतून बाहेर आल्या आल्या त्यांनी काकांचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि म्हणाल्या, "तसाच आहेस की."

काका जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ते घर विकलं गेलं, बेसमेंटमध्ये दुसरं कुणी काय करत असेल देव जाणे. माझी रेवा आता स्वतः शाळेत शिकवते, आणि तिचं मराठी आजही यथातथाच आहे. पण 'आम्ही' आणि 'आपण' यांत ती कधी चुकत नाही. काकांची आठवण निघाली की मला मात्र आई आल्यानंतरचा पहिला जुलै महिना दिसतो.

चार तारखेची संध्याकाळ होती. आम्ही सगळे पार्कमध्ये सतरंज्या पसरून बसलो होतो. आई घडीच्या खुर्चीत, अंगावर शाल, कारण जुलैतलं वारंही त्यांना बोचत होतं. अंधार पडला आणि आकाशात पहिला बार फुटला. आईंना रंग नीट दिसत नव्हते, आवाजच ऐकू येत होता.

"कसले रे हे फटाके?" त्यांनी विचारलं. "आत्ता कुठली दिवाळी?"

काका त्यांच्या मागे उभे होते. खाली वाकून, आम्हालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "आई, आज आपण स्वतंत्र झालो."

आईंनी मान वळवली.

"पुन्हा?"

काका हसले, इतके हसले की डोळे पुसायला लागले. मग सवयीनं त्यांचे दोन्ही हात हवेत वर आले. आता फिरवणार, असं मला वाटलं. पण त्यांनी ते हात अलगद खाली आणले आणि आईच्या खांद्यांवर, शालीवर, तसेच राहू दिले.