तीन महिन्यांची सुई

सेनगावच्या बाजूला कुणाच्या शेतात विहीर काढायची ठरली, की तांड्यावर जाऊन पहिल्यांदा वसराम राठोडला विचारायचे. चाळीस वर्षं त्यानं काळा खडक फोडला. उतारवयातही दोन माणसांचा धोंडा तो एकटा कडेला सरकवायचा. सदुसष्टाव्या वर्षी मात्र कंबर धरली ती सुटेना, लघवीलाही अडू लागलं. नांदेडच्या डॉक्टरबाईंनी तपासण्या करून सांगितलं, प्रोस्टेटचा कॅन्सर आहे आणि तो मणक्यापर्यंत गेलाय. या आजाराचा रक्तातला जो पीएसए नावाचा आकडा चारच्या आत असावा, तो वसरामचा एकशे चाळीस होता.

"हा आजार पुरुषाच्या हार्मोनवर वाढतो," बाई म्हणाल्या. "ते हार्मोन आपण बंद करू. दर तीन महिन्यांनी एक सुई."

वसरामचा विश्वास बसला नाही. पण दुसऱ्या सुईनंतर तो बाजेवरून आपल्या पायांनी उठला आणि सहा महिन्यांनी तो आकडा एकाच्याही खाली आला. कागद हातात धरून तो कितीतरी वेळ नुसता बघत राहिला. बोटाएवढी सुई, आणि मणक्यात बसलेलं दुखणं मुकाट झालं!

मग अंग बदलू लागलं. पोट सुटलं, दंड सैल पडले. भरली बादली उचलताना हात थरथरायचे. पौषातल्या थंडीत, तांडा शेकोटीभोवती बसलेला असताना, त्याच्या छातीतून एकाएकी आग उसळायची आणि सदरा घामानं भिजायचा. लाजेनं तो उठून गोठ्यामागं जायचा. एकदा बायको जमनाबाई मागोमाग आली. तो उघडा बसून पंच्यानं वारा घेत होता.

"काहून लपून राहिले?" तिनं विचारलं.

"अंगात भट्टी पेटते. कुणाला सांगू हे?"

जमनाबाई शेजारी टेकली. "माझी पाळी गेली तवा मलेबी अशीच पेटायची. तीन वर्षं. भाकरी थापताना, निंदताना, कवाबी."

वसरामनं पंचा खाली ठेवला. "मला सांगितलं न्हाई तू?"

"तुमी कुठं इचारलं?" ती म्हणाली. त्यात राग नव्हता.

तीन वर्षं ही बाई त्याच्या शेजारी जळत होती, खुरपत होती, त्याचा डबा विहिरीवर आणून देत होती. त्याला पत्ता नव्हता. आपण धोंडा हलवला तर गावानं वाखाणलं, हिचं कुणी बघितलंसुद्धा नाही, हे त्याच्या मनात आलं.

पुढच्या खेपेला उपाशीपोटीची साखर एकशे अडुसष्ट निघाली. आधी ती ब्याण्णव होती.

"ज्या हार्मोननं आजार वाढत होता, त्याच्यावरच तुमचे स्नायू आणि हाडं टिकून होती, साखरही आटोक्यात होती," डॉक्टरबाईंनी समजावलं. "सुई बंद करायची नाही. गोळी देते. पण रोज चाला, थोडं वजन उचला, भात-गूळ कमी करा."

"एवढ्याशा रसावर अख्खं अंग उभं होतं?" वसरामनं विचारलं.

"हो. मलाही अजून नवल वाटतं," बाई हसल्या.

जमनाबाईनं ते मनावर घेतलं. ज्वारीची भाकरी, चुका-चाकवताची भाजी, चहा बिनसाखरेचा. सकाळी दोघं टेकडीपर्यंत चालायची. तिच्या सांगण्यावरून त्यानं अर्धी भरलेली कळशी उचलायला सुरुवात केली, मग पाऊण. आग उसळली की ती ओलं फडकं पुढे करायची आणि चालत राहायची.

आषाढात साखर एकशे चौदावर आली. आजार झोपलेलाच होता. पोट पूर्ण ओसरलं नाही, आणि कधीतरी आजार पुन्हा जागा होऊ शकतो, हेही बाईंनी लपवलं नाही.

परतीच्या एसटीत वसराम खिडकीपाशी बसला होता. त्यानं विचारलं, "जमना, तुला आणखी काय काय झालं, जे मी इचारलं न्हाई?"

तिनं आधी बाहेर पाहिलं. मग पहिल्या बाळंतपणापासून सांगायला घेतलं. तो तिच्याकडे वळून ऐकत राहिला. तांड्याचा फाटा आला तेव्हा कंडक्टरनं हाक मारली, पण दोघांपैकी कुणालाही ती ऐकू आली नाही, आणि फाटा मागं गेला.