मगदूम, सुरेखा : एक कार्ड

"तुमच्या नावावर चारच लेख दिसतात, मॅडम. बाकीचे तुमचे कशावरून?" कॉलेजच्या निवड समितीतले साहेब संगणकाकडे बोट दाखवून माझ्या मुलीला म्हणाले. दार उघडं होतं, मी बाहेर बाकावर... पाचपर्यंत पुरावा आणा, नाहीतर विभागप्रमुखाची जागा दुसऱ्याला, असं सांगून तिला बाहेर पाठवलं.

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. अंगात आलेल्या बायका मी तोंडावर पाणी मारून उठवल्यात. तरी हे लिहिते आहे.

आम्ही आष्ट्याचे. मुलगी माहेरची सुरेखा मगदूम. लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळात नवं नाव लिहिलं — प्रणाली चौगुले. तिचे खारवट जमिनीवरचे लेख माहेरच्या नावाने, जात्यावरच्या ओव्यांवरचे सासरच्या. संगणकात लेखकाचं नाव टाकलं की त्याचं सगळं लिखाण निघतं म्हणे. इथे अर्धंच निघालं. माहेरचं नाव टाकलं तर त्या नावाच्या तिघी! वर साहेबांचं म्हणणं, माती तपासणारी बाई ओव्या कशाला गोळा करेल? मला राग आला. त्या ओव्या मीच सांगितलेल्या.

सांगलीच्या याच कॉलेजात आमचे हे, मुलीचे आप्पा, ग्रंथालयात शिपाई होते. प्रत्येक लेखकाचं कार्ड हाताने लिहून लाकडी खणात लावायचे. ते खण कोपऱ्यात अजून आहेत. मी चौथी शिकले, पण आडनावावरून कार्ड काढायला ह्यांनीच शिकवलं होतं. मुलगी रडत बसली होती. मला ते बघवेना, म्हणून उठून 'म'चा खण ओढला.

कार्ड होतं. 'मगदूम, सुरेखा. पाहा : चौगुले, प्रणाली.' म्हणजे दोन्ही नावं एकाच बाईची. खाली माती, ओव्या, सगळे लेख — नियतकालिक, अंक, पानासकट.

ग्रंथपाल वडूजचे. ते म्हणाले, "आवं मावशी, आमी कार्डं लिहायचं कवाच सोडलंय. ह्ये कुणी लावलं?"

मुलीने कार्ड हातात घेतलं. "आई, हे आप्पांचं अक्षर आहे."

मलाही दिसत होतं. पण हे वारले तेव्हा मुलीचं लग्न ठरलंही नव्हतं. चौगुले हे आडनाव ह्यांच्या कानावर कधी गेलंच नाही.

कार्डावरचा ओव्यांचा अंक ग्रंथपालांनी शोधून काढला. त्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात लेखिकेची दोन्ही नावं आणि मातीवरच्या कामाचा उल्लेख. मुलगी ते साफ विसरली होती. तो अंक साहेबांसमोर मी नेऊन ठेवला. म्हटलं, वाचा. त्यांनी दोनदा वाचलं.

ते कार्ड कोणी लिहिलं, मला माहीत नाही. ग्रंथपालांना नाही, मुलीलाही नाही. कोणी शहाणा समजावून सांगणार असेल तर ऐकेन, पण आजवर कोणाला जमलेलं नाही.

मुलगी आता विभागप्रमुख आहे. कार्ड खणात आहे. काढलं ते मी — आष्ट्याची, चौथी पास, ग्रंथालयाच्या शिपायाची बायको.