आर्विडचा ताटकळलेला फोन

आर्विड हाउगन खुर्चीत बसायचा तोच मुळी खुर्चीवर उपकार केल्यासारखा. पुढच्या वर्षी राज्यातल्या किती घरांना सरकारी अन्नमदत लागेल, याचा बजेटसाठी अंदाज बांधणं हे त्याचं काम. ते त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं, की चर्चमध्येही तो डोळे मिटण्याऐवजी डोकी मोजायचा.

अंदाजाच्या बैठकीची रीत ठरलेली. एका आकड्यावर एकमत होईपर्यंत कुणी उठायचं नाही. भुकेपोटी कुणी घाईनं मान डोलावू नये म्हणून अध्यक्ष लॉरेन प्रूइट घरून बटाटे-खिम्याची हॉटडिश भाजून आणायची.

यंदा आलेखावर मदत घेणाऱ्यांची रेषा उतरली होती.

"लोक कामाला लागले," लॉरेन म्हणाली. "आकडा खाली घेऊ."

आकडा खाली म्हणजे पैसा कमी, मदत कचेरीतली माणसंही कमी.

"कामाला कसले लागतायत," आर्विड म्हणाला. "मदत चालू ठेवायला फोनवर मुलाखत द्यावी लागते आणि तिकडे फोनच कुणी उचलत नाही. यादीतली नावं गळतायत नुसती."

"गेल्या वर्षीही तू कागदावर अर्धं राज्य उपाशी मारलं होतंस बाबा," खजिन्याकडचा वेस्ली म्हणाला.

आर्विडचे कान लाल झाले. गेल्या वर्षीचा त्याचा अंदाज खरंच फुगला होता. त्याने खिशातला फोन काढून स्पीकर लावून टेबलावर ठेवला. त्यातून बासरी वाजत होती.

"हे काय आणखी?" लॉरेनने विचारलं.

"मदतीची लाइन. नाश्त्यापासून थांबलोय."

"बंद कर."

"कुणी उचललं की करतो."

चर्चा चालू राहिली, बासरीही. वेस्लीचा पाय हलू लागला. लॉरेन बासरीच्या तालावर चमचा आपटतेय हे तिच्याच लक्षात आलं आणि ती स्वतःवरच चिडली. दुपारपर्यंत आर्विडचा ताटकळण्याचा आजार सगळ्या टेबलाला लागला. मग दिवस कलता कलता एकाएकी बासरी थांबली. सगळे फोनकडे वाकले.

"आजच्या मुलाखतींची वेळ संपली आहे. कृपया उद्या फोन करा," असं एक रेकॉर्ड केलेला आवाज म्हणाला आणि फोन कट झाला.

लॉरेनने हातातला चमचा खाली ठेवला.

"आकडा वर घ्या," लॉरेन म्हणाली. "आणि फोन उचलायला माणसं मागा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. उरलेली हॉटडिश वाढताना वेस्ली म्हणाला, "जिंकलास बुवा. पण दिवसभर रांगेतली एक जागा तू अडवलीस, त्याचं काय? तुझ्या मागचा कुणीतरी तसाच राहिला असणार."

सगळे हसले. आर्विडही हसला, मग त्याने बशी खाली ठेवली.

"ती कचेरी सकाळी कधी उघडते रे?"

"का?"

"उद्या जातो. फोन उचलायला."

"तुला येतं ते?"

"शिकवतील की."